माल्टा, गोझो आणि सोमवारचा इंटरव्ह्यू

"इस्टरच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ या," असं माधव म्हणाला तेव्हा मी लंडनजवळ वॉटफर्डच्या आमच्या किचनमध्ये इंटरव्ह्यूचे कागद पसरून बसले होते. १९९४ साल. मी भूलतज्ज्ञ. दहा वर्षं वेगवेगळ्या हॉस्पिटलांत दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदाच कन्सल्टंटच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं, तेही उत्तरेला यॉर्कशरमध्ये. मिळाली तर घर विकून तिकडे जायचं, हे आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं.

"सोमवारी इंटरव्ह्यू आणि आदल्या आठवड्यात सुट्टी?" मी म्हटलं.

"शनिवारी परत येतो. अख्खा रविवार आहे की तुला. तू गेला महिनाभर धड बसलेली नाहीस. जेवतानाही उभी असतेस."

ते खरं होतं. मी हो म्हटलं, आणि सगळे कागद सूटकेसमध्ये घेतले.

लूटनहून माल्टाला साधारण तीन तासांची फ्लाइट. आठवड्याचं पॅकेज घेतलं की विमान, हॉटेल आणि ब्रेकफास्ट त्यातच, वेगळं काही बघावं लागत नाही. एक मात्र नीट लक्षात ठेवा: अशी चार्टर विमानं बहुतेक आठवड्यातून एकदाच असतात. तुमचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी कोणी थांबलेलं नसतं. हे मी का सांगतेय ते पुढे येईलच.

माल्टात उतरल्यावर पहिली जाणवते ती दगडाची पिवळसर मधाळ छटा. घरं, चर्च, तटबंदी, शेतांचे बांध, सगळं एकाच दगडाचं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, लाल टेलिफोन बॉक्स, आणि इंग्लिश सगळ्यांना येतं. त्यांची स्वतःची भाषा मात्र ऐकत राहावी अशी. मूळ अरबी, वर इटालियनचा साज. जगाला ते 'दिन्या' म्हणतात. आपली दुनियाच ती.

भाड्याच्या गाडीची गरज नाही. राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेर मोठ्या कारंज्याभोवती तेव्हा पिवळ्या बसेस उभ्या असत, प्रत्येक ड्रायव्हरने आपापल्या आवडीच्या संताचं चित्र लावून सजवलेल्या. बेटावर कुठेही जायला तिथून बस मिळायची आणि तिकीट काही सेंटांचं. शाकाहारी लोकांनी पस्तित्सी शोधावेत: कुरकुरीत पापुद्र्यांच्या आत मटार किंवा रिकोटा चीज, गरमागरम. आमचे तीन दिवस त्यावरच निघाले.

व्हॅलेटातलं सेंट जॉन्सचं कथीड्रल बाहेरून किल्ल्यासारखं रूक्ष आहे, आत गेल्यावर सोन्याने डोळे दिपतात. जमिनीवर संगमरवराची रंगीत थडगी, त्यांवर सरदारांच्या ढाली आणि सांगाडे. खांदे झाकलेले हवेत, आणि टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. मी त्या थडग्यांवर उभी राहून मनातल्या मनात प्रश्नांची उत्तरं घोकत होते. इमदिनाच्या जुन्या गावात माधव तटावरून अख्खं बेट दाखवत होता आणि मी घड्याळ बघत होते. हाजार ईमच्या समुद्राकाठच्या पुरातन दगडी देवळात आमची चौदा वर्षांची मुलगी रेवा म्हणाली, "आई, तू दगड बघतच नाहीस. तू नुसता चालतेस."

"चालतेस" बरोबर होतं, "नुसता" नव्हतं. एरवी मी दुरुस्त केलं असतं.

गुरुवारी आम्ही गोझोला गेलो. माल्टाच्या उत्तरेचं हे धाकटं, जास्त हिरवं बेट. चिरकेवाच्या धक्क्यावरून बोटीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. एक रात्र राहून शुक्रवारी परतायचं आणि शनिवारी दुपारी विमान, असा बेत. शारा गावात चेन्सा नावाच्या बाईंच्या घरी खोली मिळाली. साठीच्या, ठेंगण्या, दोन्ही मुलगे मेलबर्नला. त्यांनी टेबलावर घरचं शेळीचं चीज, टोमॅटो आणि लाकडी भट्टीतला पाव ठेवला. मी एका जागी बसत नाही हे बघून त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी शांत आहे. तुम्ही कोणाची वाट बघताय?"

शुक्रवारी सकाळी शिडांच्या दोऱ्या खांबांवर आपटाव्यात तसा आवाज येत होता. तो वारा होता. खिडक्या थरथरत होत्या. चेन्साबाई कॉफी ओतत म्हणाल्या, "ग्रिगाल. ईशान्येचा वारा. आज बोट नाही."

"दुपारी?"

"उद्याही सांगता येत नाही."

आम्ही टॅक्सी करून बंदर गाठलं. बोट धक्क्याला बांधलेली, समोरची खाडी पांढरी झालेली. त्या दिवसांत दोन बेटांमध्ये हेलिकॉप्टरही असायचं, तेही जमिनीवरच होतं. शनिवारचं विमान चुकलं तर दुसऱ्या कुठल्या विमानात जागा कधी, ते माधवने फोन करून विचारलं. शाळा सुरू होण्याआधी परतणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे मंगळवार.

मग मी गावातल्या टेलिफोन ऑफिसातून यॉर्कशरला फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आय ॲम सो सॉरी, डॉक्टर. पॅनेल तीन हॉस्पिटल्सचं आहे, त्यांना पुन्हा एकत्र आणणं शक्य नाही. शनिवारी पोचलात तर उत्तमच." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

उरलेल्या दुपारचं काय करायचं म्हणून माधव आम्हाला जगंतियाला घेऊन गेला. चेन्साबाईंच्या घरापासून पायी दहा मिनिटं. पिरॅमिडांच्याही आधी रचलेली ही दगडी देवळं. एकेक शिळा माणसाच्या दुप्पट. गावातले लोक म्हणतात, एका राक्षसिणीने मूल काखेत धरून या शिळा डोक्यावरून वाहून आणल्या. सकाळी लवकर जा, सावली अजिबात नाही आणि बरोबर पाणी ठेवा. त्या दिवशी आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

माधव पुढे गेला होता. रेवा माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, एक सांगायचं आहे. बुधवारी मी स्टॅम्प्स आणायला खाली रिसेप्शनला गेले ना, त्या अंकलनी मेसेज दिला होता. फ्रायडेपासून वारा येणार, गोझोला राहायला जाऊ नका, डे ट्रिप करा, असं मम्मी-डॅडींना सांग म्हणाले."

मला आधी कळलंच नाही. "मग?"

"मी नाही सांगितला."

"विसरलीस?"

"नाही." ती शिळेकडे बघत होती. "तुम्ही घर विकणार होता. माझा स्कूल, माझ्या फ्रेंड्स. मला कोणी विचारलाच नाही. मला वाटलं, बोट नाही आली तर."

वाक्य तिने तिथेच सोडलं. मी हात उगारला नाही, ओरडलेही नाही. वळले आणि चालायला लागले. देवळाच्या फाटकातून बाहेर, गावातून, बंदराच्या उताराला. दीड तासाचा रस्ता असेल. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. दहा वर्षांच्या नाइट ड्यूट्या, आपल्यापेक्षा लहान लोकांना 'सर' म्हणणं, हे सगळं एका मुलीने पोस्टाच्या तिकिटांबरोबर खिशात घातलं होतं. एका वळणावर मागे पाहिलं तर रेवा शंभरेक पावलांवर येत होती. मी थांबले की तीही थांबायची.

बंदरावर दोर गुंडाळत बसलेल्या माणसाला मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सकाळी तुम्हीच होतात ना? समुद्र तोच आहे."

तिथे एक छोटं दुकान उघडं होतं. मी मटारचे दोन पस्तित्सी घेतले आणि एक रेवाला नेऊन दिला. राग गेला नव्हता. पण सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं. आम्ही एकाच भिंतीवर, मध्ये अंतर ठेवून, बसून खाल्लं. परतीच्या बसमध्येही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

माधवला मी संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "आपण तिला विचारलं नव्हतं, हे खरं आहे." त्याचाही मला राग आला.

बोट शनिवारी चार वाजता सुटली. विमान तोवर लूटनच्या वाटेवर होतं. मंगळवारी आम्ही वॉटफर्डला पोचलो. इंटरव्ह्यू माझ्याशिवाय होऊन गेला होता. जागा अर्थातच दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी रेवाच्या नावाने एक पाकीट आलं, वर यॉर्कशरचा शिक्का. तिने आम्हाला न सांगता त्या पॅनेलच्या प्रमुखांना पत्र लिहिलं होतं. पत्ता माझ्या कागदांतून घेतला. आई आली नाही यात तिची चूक नाही, मी निरोप दडवला, असं. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. जागा भरली आहे. पण डॉक्टर वाऱ्यामुळे अडकल्या एवढंच आम्हाला कळलं होतं, पूर्ण हकीगत सांगितल्याबद्दल आभार. असं पत्र लिहायला तुला किती वेळ लागला असेल याची मला कल्पना आहे.

रेवाने ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि उभी राहिली. मी वाचलं, पुन्हा वाचलं. "किती वेळ लागला?" मी विचारलं.

"चार दिवस. स्पेलिंग्ज डॅडींनी नाही बघितले. मी स्वतः."

लोक विचारतात, त्या बेटाचं काय लक्षात राहिलं. दगडांचा रंग राहिला, आणि चेन्साबाईंचा पाव. जाणार असाल तर गोझो कधीही शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका, सुरुवातीलाच करून टाका, आणि हॉटेलातल्या माणसाला वाऱ्याचं स्वतः विचारा. ती जागा गेल्याचं मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

पत्र आलं त्या दिवशी मात्र मी गाडीतून रोड ॲटलस आणला, टेबलावर उघडला आणि रेवाला म्हटलं, "तुझी कंपासपेटी आण. आपलं घर इथे. रोज इथूनच जा-ये करायची तर मी नोकरीसाठी किती लांब जाऊ शकते, ते तू ठरव."

तिने कंपासचं टोक वॉटफर्डवर ठेवलं. पहिलं वर्तुळ फार लहान काढलं. माझ्याकडे बघितलं, ते खोडलं, आणि कंपास उघडून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सच्याही बाहेरून एक मोठं वर्तुळ ओढलं.

"एवढा चालेल?" तिने विचारलं.

"एवढं," मी म्हटलं. "चालेल."