मानकऱ्यांची पत्रिका

वडगावच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने मला फसवले. कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम आणि टायपिंगचे नवे ऑफिस टाकले तरी जुने सगळे जसेच्या तसे राहील, असे तो म्हणाला होता. घासाघीस करून मी भाव निम्म्यावर आणला, तरी हसतच होता.

त्याने घरी पाठवलेल्या माणसाचे नाव मी विचारले नाही. सोमाटण्याचा, एवढेच कळले. पेन ड्राइव्ह लावण्याआधी तो त्यावर फुंकर मारी आणि पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा अडला की खिडकीबाहेर बघत बसे. "आपण टक लावली की त्ये लाजतंय, आबा."

काम झाल्यावर मी जत्रेची पत्रिका उघडली. मानकऱ्यांच्या नावांचा क्रम परवाच्या बैठकीत भांडून भांडून ठरला होता आणि तो फक्त माझ्या कॉम्प्युटरवरच होता. आता तिथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे दिसत होती. जुना मराठी फॉन्ट पुसला गेला होता आणि तो आता कुठे मिळतही नाही.

"आरं, नावं कुटं गेली?" मी ओरडलो.

तो चष्मा पुसत म्हणाला, "हितंच हायेत की. पण मानाचा कोन अन् बिनमानाचा कोन, त्ये कळत न्हाई. लय ब्येस झालं!"

रागातही मी त्याला चहा पाजला. सगळ्यांना एकाच मापात बसवायचे, हे बैठकीत कोणालाच सुचले नव्हते.

दुकानदाराला मात्र सोडणार नाही. गावात आता ज्याला त्याला आपलेच नाव पहिले आठवते. खरे पहिले कोणाचे, ते त्याने जत्रेआधी देवळात येऊन सर्वांसमोर सांगावे.