मागच्या पिंजऱ्यांचं पाणी

"ऊठ! ऊठ म्हणतो ना! शेवटच्या बाकावरचा, एरंडोलचा! सांग वर्गाला, तुझा बाप रोज किती पितो?"

सर ओरडत होते. सरांचा आवाज असा, की ते धुळ्यात खाकरले तर जळगावच्या मिलीत डाळ आपोआप भरडली जायची. मी उठलो. एम.एस्सी.चा वर्ग, विषय व्यसन आणि आनुवंशिकता. फळ्यावर मेंदूचं चित्र, फुलकोबीसारखं.

मी त्या फुलकोबीकडे बघायला लागलो.

"बरं, बाप राहू दे. तुमच्या बौद्धवाड्यातलं न पिणारं एक माणूस सांग. एक!"

"आई," मी म्हणालो.

वर्ग असा हसला की छताचे पंखे उलटे फिरले. सरही हसले. मग खडू माझ्यावर रोखून म्हणाले, "हे बघा जिवंत उदाहरण. यांच्या रक्तातच असते. आज पीत नसेल, उद्या पिईल."

वाढवून सांगायची मला खोड आहे. गावात कुत्रं भुंकलं तर मी वाघ सांगतो. पण सरांचं हे वाक्य वाढवलेलं नाही. होतं तसं ठेवलंय.

आणि खरी लाज पुढे आहे. मला ते पटलं.

बाप केळीचे घड वाहायचा. ट्रक भरला की मळ्याचा मालक मजुरीआधी प्रत्येकाच्या हातात मोहाच्या दारूचा ग्लास द्यायचा. अंग मोकळं होतं म्हणे. जो प्यायचा त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणं. जो नको म्हणायचा त्याला, "माजला का रे?" बापाचे हात पुढे पुढे असे कापायला लागले की विडी पेटवायला तीन काड्या आणि दोन शेजारी लागायचे. मी चहाचा कप धरताना माझी बोटं बघायचो. आज सुरू होईल. उद्या होईल.

तरी मेंदूचाच अभ्यास करायचा होता. हे का होतं ते बघायचं होतं. त्यासाठी बाहेरच्या मोठ्या संस्थेत जागा हवी, जागेला सरांची शिफारस हवी. म्हणून मी सरांच्या प्रयोगाचे पिंजरे धुवायला लागलो. दोन वर्षं धुतले. माझ्या अंगाला इतका वास यायचा की एस.टी.त माझ्या दोन्ही बाजूंच्या सीटा रिकाम्या.

प्रयोग सोपा. प्रत्येक पिंजऱ्यात दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत दारूचं पाणी. उंदीर कशाला तोंड लावतो ते रोज मोजायचं. उंदरांची घराणी दोन. 'अ' सरांच्या खोलीत, 'ब' मागच्या पडवीत. 'अ' पाणी पिणारे, सोज्वळ. 'ब' दारूच्या बाटलीला लोंबकळलेले. सरांचा निष्कर्ष तयार होता. ब घराणं जन्मजात दारुडं. वर्गात हे सांगताना सर न चुकता शेवटच्या बाकाकडे बघायचे.

एका मे महिन्यात पडवीत पिंजरे धूत होतो. उन्हाने जीव कासावीस. 'ब'च्या साध्या पाण्याच्या बाटल्या भरायचा डबा तिथेच होता. ओंजळ भरून प्यालो आणि थुंकलो. मचूळ. खारट. बोअरचं पाणी.

ती चव मला जन्मापासून पाठ. आमच्या वस्तीच्या विहिरीची चव. गावची गोड विहीर कायद्याने सगळ्यांची होती, फक्त तिथे आमची बादली दिसली की सगळ्यांना एकदम खोकला यायचा.

पाणी भरायचं काम शिपाई नानांचं. विचारलं, "नाना, सरांच्या खोलीतल्या उंदरांना कोणतं पाणी?"

"त्यास्ले नळनं, गोडं."

"आणि यांना?"

नाना हसले. "नळ दिवसाआड येस. मागना उंदीरस्ले गोडं पानी कशाले रे भाऊ? तठे कोन देखाले येस?"

नानांच्या मनात काही पाप नव्हतं. पुढच्यांना गोडं, मागच्यांना खारट. लहानपणापासून पाहिलं तसंच त्यांनी उंदरांना भरलं. दारूचं पाणी मात्र दोन्हीकडे स्वच्छ, गाळलेलं.

महिनाभर मी सायकलवर गोडं पाणी आणलं. पडवीत गोडं भरलं, सरांच्या खोलीत बोअरचं. 'ब' घराणं बाटली सोडून पाण्याकडे वळलं. आणि सरांचे सोज्वळ उंदीर? असे प्याले की नाचायचेच बाकी राहिले. आकडे वहीत उतरवले. हे आकडे वाढवलेले नाहीत.

सरांनी वही वाचली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"ही पानं फाड. शोधनिबंध पाठवायचाय. तुझ्या अर्जावर आत्ता सही करतो."

पेनाचं टोपण काढलेलं. अर्ज समोर. मला ती सही हवी होती. भुकेल्याला भाकरी हवी असते तशी हवी होती.

"नाही, सर."

"काय?"

"पानं नाही फाडणार. दोन वर्षं तुम्ही फक्त तोंडं मोजली. बाटलीत काय भरलंय ते कोणीच चाखलं नाही. माझ्या बापाच्या वाट्याचं पाणीही नाही चाखलं. आणि मला वर्गासमोर उभं केलंत."

सर ओरडले. खिडक्या वाजल्या असं सांगणार होतो, पण नाही वाजल्या. "चालता हो! जन्मभर पिंजरेच धुशील!"

वही छातीशी धरून मी एरंडोलची गाडी पकडली. रस्ताभर भाषण जुळवलं. घरी बाप ओट्यावर बसला होता, हातात ग्लास. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उंदीर, पाणी, सही. म्हटलं, बाबा, हे आपल्या रक्तात नाही. मी मोजलंय. ते बाहेरून ओततात.

वाटलं, बाप ग्लास फेकेल. गोष्ट सांगायची असती तर मी तो फेकायलाच लावला असता.

बापाने ग्लास खाली ठेवला. हात कापत होते. परत उचलला.

"मंग आते गोडं पानी भेटनं," तो म्हणाला, "तर मन्ही दारू सुटी का रे?"

सुटेल का? तीस वर्षं प्यालेल्या मेंदूबद्दल माझ्या वहीत एक ओळ नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तेच शोधणार आहे."