पश्चिमेची खिडकी कोणी बिघडवली

पेणमध्ये पावसाळ्यात खिडकी बदलायला माणूस शोधणे हा शुद्ध मूर्खपणा. ज्याच्या हाताला थोडे जरी वळण असते, तो चतुर्थीपर्यंत गणपतींच्या कारखान्यात बसलेला असतो. बाहेर उरतात ते कारखान्यांनीही नाकारलेले. नव्वदच्या दशकात रामवाडीतल्या आमच्या घराची पश्चिमेची खिडकी कुजली, तेव्हा मी अशांच्या मागे फिरत होतो.

घाई पत्नीसाठी होती. हमरापूरच्या एका कारखान्यातून शाडूच्या मूर्ती डोळ्यांच्या आखणीसाठी आमच्या घरी येत. तो कारखानदार एरवी मूर्ती बाहेर जाऊ देत नसे. तिच्या हातावर त्याचा भरवसा होता. त्या खोलीत पावसाची झड येऊन चालणार नव्हती.

एका सुताराने वितीने माप घेतले, चहा घेतला आणि ‘गणपती झाले की बघू’ म्हणून तो गेला. दुसऱ्याने बाहेरून ताडपत्री ठोका म्हणून सांगितले. एवढे सांगायला तो टेप घेऊन आला होता. शेवटी एसटीने रोह्याला गेलो. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणारा एक जण मिळाला. तिथल्या रासायनिक रंगांच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून धंदा करायचा, म्हणजे दोन्हीकडे अर्धा, असे मी मनात ठरवून टाकले.

त्याने खिडकी बसवली. चौकटीभोवती बोटभर फट राहिली.

“काका, शिमीट उद्या भरतो. आज सेकंड शिफ्ट हाय. तवर प्लास्टिक बांधा, मूर्ती आतल्या खोलीत न्या.”

“उद्या म्हणजे दिवाळीला का?”

“उद्या म्हंजे उद्या, काका.”

मी कसला विश्वास ठेवतो! पेणच्या माणसाला एक रोग असतो. गणपतीचे तुटलेले बोट प्लास्टरने जुळते, म्हणून जगातले सगळेच जुळेल असे त्याला वाटते. घरात प्लास्टरची अर्धी गोणी पडून होती, दमट झालेली. ते कालवून मी फट लिंपली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत. मूर्ती तिथेच राहू दिल्या आणि स्वतःवर फार खूश झालो.

“अहो, हे पाण्यात टिकायचं नाय,” पत्नी म्हणाली.

“तू गणपतीचे डोळे काढ. खिडकीत नाक खुपसू नकोस.”

सकाळी पाहतो तर प्लास्टरचे दही झालेले. पाणी मूर्ती मांडलेल्या फळीवर उतरले होते आणि तिने आखलेले डोळे मूर्तींच्या गालांवर ओघळले होते.

तेवढ्यात तो रोह्याचा माणूस सिमेंट आणि थापी घेऊन दारात हजर. शेजारी जमलेलेच होते.

“बघा, रोह्याची कारागिरी!” मी ओरडलो.

“काका, ह्ये पांढरं माझं नाय.”

“कसं असंल? तुमची कंपनी सगळं पिवळं करते!” एक शेजारी म्हणाला. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. तो सिमेंटची पिशवी उचलून निघून गेला. पुढे कोणी त्याच्याबद्दल विचारले की मीच ‘नको’ म्हणत असे.

पत्नीनेही कारखानदाराला खिडकीवाल्याचेच नाव सांगितले. मीच तसे सांगायला लावले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“वहिनी, यापुढं आखणी इथं येऊनच करा. मूर्ती घरी धाडणार नाय.”

गणपतीनंतर एका सुताराने फट सिमेंटने बुजवली. खोली कोरडी झाली, पण तिथे आखायला काही उरले नव्हते. पुढचे कितीतरी पावसाळे पत्नी भिजत एसटीने हमरापूरला जायची, आणि मी त्या खोलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रोहेकरांच्या कामाचे किस्से ऐकवायचो. ती ऐकायची आणि चहा ठेवायला उठायची. खिडकी त्याने नीट बसवली होती. बिघडवली मी.