तीस टक्क्यांवरचा पंखा

सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा किराणावालासुद्धा. फक्त कॉम्प्युटरवरच्या खेळात तिचं नाव घार होतं. पाच जणांच्या संघाची ती कप्तान. बाकी चौघांना वाटायचं, बाई भलतीच बिनधास्त, सदा भटकत असणार. प्रत्यक्षात चार वर्षांत, वडिलांचा दवाखाना सोडला तर, ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे गेली नव्हती. वडिलांना एकटं सोडायची सोय नव्हती. सोडून जावंसं मात्र तिला रोज वाटायचं, आणि वाटलं की स्वतःचाच राग यायचा.

वडील शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात ऑपरेटर होते. छत्तीस वर्षं त्यांनी मोटारी सांभाळल्या. आता नावं विसरले, माणसं विसरले, जेवलो की नाही हेही विसरले.

कॉम्प्युटर तिने एकेक भाग मागवून ओट्यावर स्वतः जोडला होता. पंधरा दिवसांपूर्वी तो रुसला. खेळ सुरू झाला की दहाव्या मिनिटाला पडदा काळा. संघातल्या एकाने शेवटी स्पष्टच कळवलं, "रविवारी पाचला आली नाहीस, तर तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

दर रविवारी तासाभरासाठी येणारा धाकटा भाऊ त्या रविवारीही आला आणि दारातूनच निदान करून मोकळा झाला. "ताई, ग्राफिक्स कार्ड गेलं. दुकानात टाक, आठ दिवस ठेवून घेतील."

"टाकते की. कार्ड आठ दिवस दुकानात, तर मीही आठ दिवस फिरायला बाहेर. बाबांजवळ तू थांब."

भावाला लगेच महत्त्वाचं काम आठवलं. असली कामं त्याला वेळेवर आठवतात, ही त्याची खासियत.

तो गेल्यावर ताईने बाह्या सरसावल्या. कार्ड उपसलं, धूळ झटकली, पुन्हा नीट दाबून बसवलं. वायर बदलली. कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. मधेच बाबांना पाणी दिलं, कूस बदलून दिली. खेळ लावला. दहाव्या मिनिटाला काळा पडदा. साडेचार वाजले आणि तिने हात टेकले.

शेवटचा उपाय म्हणून तिने कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडी ठेवून खेळ लावला आणि कार्डाजवळ हात नेला. चटका बसला! कार्ड तव्यासारखं तापलेलं आणि त्यावरचे दोन्ही पंखे पाती मोजता येतील इतक्या आळसात फिरत होते. ताईने कपाळावर हात मारला.

हा उद्योग तिचाच होता. मागच्या थंडीत पंखे जोरात घुमले की बाबा अंथरुणातून उठायला बघायचे. पंपाची मोटर लागली, आपण कामाच्या पाळीवर जायला हवं, एवढंच त्यांच्या डोक्यात. एकदा उठले ते थेट जमिनीवर. खुब्याचं हाड मोडलं. त्याच दिवशी तिने पंख्याचा वेग तीस टक्क्यांवर बांधून टाकला आणि पुढे साफ विसरली. थंडीत ते निभावलं. उन्हाळ्याने कार्ड भाजून काढलं.

तिने वेग वाढवून पाहिला. पन्नास, साठ, सत्तर. ऐंशीच्या खाली कार्ड गार होईना. पाचला दहा मिनिटं कमी होती. तिने ऐंशी केला. खोलीभर घूं असा आवाज उठला, पडदा उजळला, आणि तिला इतका आनंद झाला की तिने चक्क टाळी वाजवली.

"मोटर लागली?" पलंगावरून आवाज आला. बाबा कोपरावर उठू लागले होते.

ती धावली. आधारासाठी त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्याकडे ओळखीने पाहिलं. पण ओळख मुलीची नव्हती, आधीच्या पाळीवरच्या सोबत्याची होती.

"अरे, तू अजून इथेच? तुझी पाळी कधीच संपली. मी आलोय ना. जा आता घरी."

चार वर्षांत तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं.

स्पीकरमधून चौघांचा गलका सुरू झाला. "घार, आलीस का? सुरू करतोय हं!"

तिने उठायचा प्रयत्न केला.

"जा ना," बाबा पुन्हा प्रेमाने म्हणाले. "थांबलास कशाला?"

मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.