पहिल्या रांगेतली आई

सांगलीच्या त्या संपादकांना आमच्यासारख्यांचा फार कळवळा. ‘उपेक्षितांचा आवाज’ हे शब्द ते श्रीखंडासारखे तोंडात घोळवायचे. मी बुरडाची पोर. आई कोरेगावात टोपल्या, सुपं विणते. गावात कुणी गेलं की तिरडीचे बांबूही तिच्याकडूनच जातात. टोपलीसाठी घासाघीस करणारीला ती अशी झोडपायची, की बघे पोट धरून हसायचे. तिरडीचं गिऱ्हाईक आलं की मात्र पदर सावरून उभी राहायची, दराचा शब्द काढायची नाही. हे सगळं मी पुस्तकात लिहिलं.

संपादकांनी हसण्याची पानं काढून टाकली. “वाचकाला वेदना हवी असते, ताई.” मी कडाकडा भांडले, तेव्हा एक प्रकरण तेवढं शिल्लक राहिलं: आई एका बागायतदारणीला शब्दांनी पाखडते ते. प्रकाशनाला तेच वाचायचं ठरलं. आईला अक्षरओळख नाही. स्वतःची गोष्ट कानांनी ऐकायची म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर एसटीनं सांगलीला आली.

हा संपादक आमच्या घरी कधी आला नाही. आईबद्दल एक प्रश्न विचारला नाही. लहानपणचं म्हणून मी ‘आई म्हणायची, आई हसायची’ असं लिहिलं होतं, त्यावरून यानं तिला परस्पर वर पोचवली.

प्रकाशनाच्या दिवशी माईक हातात घेऊन ते गहिवरले. “लेखिकेच्या दिवंगत मातोश्रींना दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या.”

सगळं सभागृह उठलं. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, “सर, ती समोर आहे.”

त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. माझा हात दाबला. “आता राहू दे. लोक उभे आहेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर आईही उभी होती, डोक्यावर पदर, मान खाली. ‘दिवंगत मातोश्री’ तिला कुठलं कळायला; मयताला उभं राहायचं, एवढं पक्कं ठाऊक. मी माईककडे हात केला, तर तो पुढच्या वक्त्याकडे गेला होता. मेलेल्या बाईवर लोकांना हसवायचं कसं, म्हणून माझं प्रकरण कुणी वाचलंच नाही.

कार्यक्रम आटोपला. खुर्च्या उचलायला लागले, तरी आई जागची हलेना. मी जवळ गेले.

“कोन गेलं गं? बांबू कुनाकडनं न्हेलं?”

मी तिचा हात धरून तिला न्यायला लागले.

“बरं, ऱ्हाऊ दे. माजं कवा वाचत्यात?”