पहिल्या पाळीचा मसाला

त्या बाईंचं प्रकरण आठवलं की आजही मला आधी स्वतःची लाज वाटते.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका चित्रपट कंपनीचा माणूस तक्रार घेऊन आला. नवा तमिळ चित्रपट शुक्रवारी सकाळच्या पहिल्या खेळाला कुणीतरी मोबाईलवर टिपला आणि दुपारी तो मोबाईलवरच्या एका ऑनलाइन चॅनलवर आला. पडद्यावरच्या छुप्या खुणेवरून थिएटर आमच्याच हद्दीतलं निघालं. चॅनलवर चित्रपटाचं नाव कुठेच नव्हतं. तो बघणाऱ्या तमिळ पोरांची बोलीच वेगळी. हॉलमध्ये चोरून टिपलेली प्रत म्हणजे ‘सांबार पोडी’, स्वच्छ प्रत म्हणजे ‘रसम पोडी’. पोडी म्हणजे मसाल्याची पूड. सोबत नटांची मीम्स आणि मसाल्याच्या पुड्यांचा फोटो. पुड्यांवर फोन नंबर.

नंबर एका तमिळ बाईंचा. नवरा फौंड्रीत, बाई घरी मसाले करून ऑनलाइन विकायच्या. मला वाटलं, केस हातात आली. बाईची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, हे मी नव्या शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी माझीच अक्कल चरायला गेली. भर सकाळी गल्लीत जीप उभी केली आणि त्यांना ठाण्यात आणलं.

बाई रडल्या नाहीत. वीस वर्षांत बोली पक्की कोल्हापुरी झालेली. “सायब, शुक्रवारी सकाळी मी डंकावर हुते, मसाला कांडायला. इचारून या जावा.”

डंक म्हणजे मसाला कुटायची गिरणी. गेलो. डंकवाल्या मावशी काम न थांबवता म्हणाल्या, “पयली पाळी त्येंचीच असती. डंकात एकदा कांदा-लसूण पडला की त्येंच्या पुडीला वास लागतोय. आठपास्नं अकरापतोर हितंच हुत्या. आपला माल सोडून कोण उठतंय व्हय?”

ते मला पटलं. चटणी कुटायला गेलेली माझी बायकोसुद्धा आपल्या मिरचीवरची नजर काढत नाही. आणि तो खेळ साडेनऊचा होता.

परत येऊन त्यांना चॅनलवरचा फोटो दाखवला. “ह्यो माझा पयला माल. लेबल हातानं लिवल्यात. जाहिरातीचं फोटो काढाय मोबाईलच्या दुकानात दिलतं, परत आलंच न्हाई.” थिएटरच्या सीसीटीव्हीत तो दुकानदार पहिल्या खेळाला आत जाताना दिसला. समोर बसवल्यावर अर्ध्या तासात कबूल झाला. चॅनल त्याचंच होतं; ‘पोडी’ म्हणून लावायला त्याला या पुड्यांचा फोटो आयताच मिळाला होता.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण आठवड्यानं मावशींकडून कळलं, बायका आता त्या तमिळ बाईंना पहिली पाळी देत नाहीत. पोलिसांनी नेलेली बाई म्हणून. उशिरा कांडलेल्या पुडीला लसणाचा वास, गिऱ्हाईक तुटायला लागलेलं. आम्ही नेताना सगळ्या गल्लीदेखत नेतो आणि सोडताना फक्त स्टेशन डायरीत नोंद करतो. नोकरीची इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी गणवेशात डंकावर गेलो. दहा-बारा बायका होत्या, त्या बाई सगळ्यात मागं. मोठ्यानं सांगितलं, “या ताईंचा काही गुन्हा नव्हता. चूक माझी होती. मी माफी मागतो.” एका म्हातारीनं आपली बुट्टी बाजूला ओढून त्यांना वाट दिली.

मी निघालो तशा त्या मागून आल्या.

“सायब, बायकास्नी सांगितलंसा, बरं झालं. पर त्या दिशी माझी लेक दारात उभी हुती. तिलाबी सांगा.”

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पोर दहा वर्षांची. गणवेश बघून आईच्या मागं लपली. आयुष्यभर मी लोकांचे कबुलीजबाब घेतले. त्या दिवशी टोपी काढून त्या पोरीसमोर खाली बसलो आणि माझा दिला, “चूक तुझ्या आईची नव्हती, माझी होती.”