दाजी झोपले नव्हते

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सिनेमाला जाऊन झोपतात, ही गोष्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत ती निघते, बारशाला निघते. ती पसरवली मी. ती खोटी आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि दाजी कधी बोलले नाहीत. तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

विषय सुपरहिरोंचा आहे. आमच्या घरात हा वाद पार्किंगच्या वादासारखा, कधी न मिटणारा. एकाच उडणाऱ्या माणसावर वेगवेगळ्या काळात तीन सिनेमे निघाले, त्यातला कुठला चांगला हाच वाद. आमच्यात त्यांना जुना, मधला आणि नवा एवढीच नावं.

जुना ताई, दाजी आणि मी तिघांनी पाहिला. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. नव्या जोडप्याने दोघांनीच सिनेमाला जाणं बरं दिसत नसे, म्हणून नवरीच्या धाकट्या भावाला बरोबर न्यायचं, अशी आमच्याकडची रीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. कॅम्पातलं थिएटर, सिनेमा इंग्रजी. ताईला इंग्रजी येत नव्हतं, दाजींचंही बेताचंच. तरी ते तिच्या कानाशी सगळा सिनेमा मराठीत सांगत होते. "तो म्हणतोय, उशीर झाला, घरी जेवायला थांबले असतील." तो तसं काही म्हणत नव्हता, हे मला कळत होतं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आपण जरा मोठ्याने सांगता का? आमचीही सोय होईल." दाजींनी खरंच आवाज चढवला.

तेव्हापासून दाजी जुन्याच्या बाजूचे. "अहो, उडताना त्याच्या तारा दिसतात," असं मी म्हणायचो.

"दिसू देत. पण उडताना तो खाली बघतो. खाली माणसं आहेत याची त्याला आठवण असते."

मधला आला तेव्हा सगळे मिळून मल्टिप्लेक्सला गेलो. थ्रीडी होता, म्हणून दारात प्रत्येकाला काळा चष्मा दिला. दाजी माझ्या शेजारी. त्या काळात ते स्वतःच्या टेम्पोतून मार्केट यार्डातला कांदा-बटाटा मंडईत पोचवायचे. सिनेमा सुरू झाल्यावर थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "काय चाललंय रे?"

"बघा की," मी म्हणालो. मला सिनेमा बघायचा होता.

मध्यंतरात ते मला बाजूला घेऊन गेले. "उजव्या डोळ्याने दिसेनासं झालंय. दिवसा डाव्यावर भागतं. इथे चष्मा लावला की काळोख आणि काढला की एकेकाला दोन दोन डोकी. ताईला सांगू नकोस. ती आजच टेम्पो विकायला लावेल. दसऱ्यापर्यंत गप्प बस, मग मीच सांगतो."

मी गप्प राहिलो. मध्यंतरानंतर दाजी मान मागे टेकून, डोळे मिटून बसले. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

बाहेर आल्यावर भाचीने विचारलं, "बाबा एवढे गप्प का?" मी चटकन म्हणालो, "झोपले होते! असे घोरत होते, की पलीकडचा माणूस उठून दुसरीकडे बसला." सगळे हसले. दाजींनी माझ्याकडे बघितलं. सांभाळून घेतलंस, असा अर्थ त्या बघण्यात होता.

इथपर्यंत माझी काही चूक नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण दसऱ्यानंतर दाजींनी आपणहून टेम्पो विकला, डोळ्याचं घरी सांगितलं, उजवा गेलाच होता, पण डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. आता झाकायला काहीच उरलं नव्हतं. मी मात्र गोष्ट सोडली नाही. लोक हसत होते. शिवाय वादात ती कामाला यायची. दाजी मधल्याविरुद्ध काही बोलू लागले की मी घोरण्याचा आवाज काढायचो. वाद तिथेच संपायचा आणि मी जिंकायचो. पुढे पुढे मी त्यात भरही घातली. खलनायक आला की घोरणं वाढायचं, वगैरे.

मग हा विनोद सिनेमापुरता राहिला नाही. यंदा ताई-दाजींनी मंडईजवळच्या खोल्या सोडून विश्रांतवाडीला लेकीजवळ राहायला जावं, असं घाटू लागलं. दाजी काही म्हणायला लागले की भाची हसून म्हणायची, "बाबा, तुम्ही झोपा, आम्ही बघतो." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ते शब्द तिला माझ्याकडून मिळाले होते.

परवा रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. भाचीने नवा पाहिला होता आणि तिच्या मते तोच बेस्ट. "मधला किती डिप्रेसिंग आहे, मामा! आणि जुन्यात तर नुसता नॉस्टॅल्जिया."

"मधल्यात निदान त्याला भीती वाटते," मी म्हणालो. "नव्यात तो सारखे विनोद करतो. संकटात कोण विनोद करतं?"

"मला वाटतं..." दाजी म्हणाले.

"बाबा, सॉरी, तुमचं मत काउंट होत नाही. मधला तुम्ही झोपून काढलाय!"

सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता घोरण्याची पाळी माझी होती. दाजींनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि ते उठू लागले. ताटात भात तसाच होता.

"ते झोपले नव्हते," मी म्हणालो, आणि मध्यंतरातलं सगळं सांगून टाकलं.

पहिली ताई बोलली. "म्हणजे डोळ्याने दिसत नसताना हे टेम्पो चालवत होते, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू यांची नक्कल करत होतास." जेवण होईपर्यंत ताईने मला काही वाढलं नाही.

दाजी पुन्हा पाटावर बसले. "दसऱ्यापर्यंत गप्प बस म्हणालो होतो. कुठला दसरा ते सांगायचं राहिलं माझं."

भाची बराच वेळ भात कालवत होती. मग म्हणाली, "बाबा, मग मधला तुम्हाला कसा वाटला?"

"ऐकलाय मी तो. मारामारीत नुसते पत्रे वाजतात. यार्डातली शटरं एकदम ओढल्यासारखे. शेवटी तो रडतो ना? तेवढं खरं वाटलं. पण न बघता मत देणार नाही. लावा."

जेवणानंतर टीव्हीवर मधला लावला. दाजी पुढच्या खुर्चीत, मी शेजारी. सिनेमा बहुतेक रात्रीचाच आहे, आणि अंधारातलं दाजींना अजून नीट दिसत नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय चाललंय रे?"

मी सांगत गेलो. पूल, आग, छपरावरचा माणूस. मध्येच दाजींनी हात वर करून मला थांबवलं. "आता उडताना तो खाली बघतो का?"

मी पडद्याकडे नीट पाहिलं. "नाही," मी म्हणालो.

"बघ," दाजी भाचीकडे वळून म्हणाले, आणि भाचीने सिनेमा थांबवून आपली खुर्ची त्यांचं ऐकायला त्यांच्याकडे फिरवली.